भिंती राहिल्या, सभागृहाचे काय झाले?

१/ जुनी वास्तू जतन करायची म्हणजे नेमके काय जतन करायचे? मुंबईतील दोन संग्रहालयांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली आहेत.

२/ काळा घोडा परिसरातील सर कावसजी जहांगीर हॉल १९११ मध्ये उभा राहिला. वास्तुकार होते जॉर्ज विटेट. मैफली आणि जाहीर सभांसाठी शहराला हक्काची जागा मिळाली.

३/ १९९६ मध्ये तेथे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सुरू झाली. सभेला मोकळी जागा लागते, चित्रांना भिंती लागतात. म्हणून जुन्या दगडी कवचाच्या आत जिन्यांनी जोडलेली, एकावर एक दालने रचली गेली. बाहेरून विटेटची वास्तू कायम राहिली. आत मात्र ते सभागृह उरले नाही.

४/ भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये संग्रहालय म्हणूनच खुले झाले. लोखंडी खांब, सज्जे, रंगवलेले छत, लाकडी काचकपाटे असा तेथील अंतर्भाग स्वतःच पाहण्याजोगा. जीर्णोद्धारात तोच पूर्ववत करण्यात आला. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार लाभला. २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

५/ भायखळ्यात जुना उपयोग टिकला, म्हणून खोलीही टिकली. काळा घोडा येथे उपयोग बदलला. कलेला घर मिळाले, सभेची जागा गेली. हा सौदा कदाचित अपरिहार्य असेल. पण दर्शनी भाग शाबूत आहे एवढ्यावरून वास्तू वाचली असे म्हणताना, आत काय गमावले त्याचीही नोंद इतिहासाने ठेवायला हवी.