बाळाला पीनट बटर कधी आणि कसं द्यावं? ॲलर्जीचा धोका किती?

पुसदच्या घराघरांत शेंगदाणा रोजचा आहे. भाजीत कूट, ताटात चटणी, उपवासाला साबुदाण्याची उसळ. आता किराणा दुकानात पीनट बटरही मिळतं. पीनट बटर म्हणजे भाजलेल्या दाण्यांची बारीक वाटलेली पेस्ट. ते लहान बाळाला द्यायचं का, हा प्रश्न मात्र अनेक आईवडिलांना पडतो.

आधीचा सल्ला का बदलला?
2000 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असं सांगितलं होतं. 2008 मध्ये हा सल्ला मागे घेतला गेला. 2015 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गिडिऑन लॅक यांच्या गटाने ‘लीप’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं होती. शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी सुमारे 17 टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. नियमित खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 3 टक्के होतं. म्हणजे उशीर केल्याने संरक्षण मिळत नाही, उलट धोका वाढू शकतो.

कसं सुरू करावं?
- सहा महिने पूर्ण झाल्यावर, बाळ वरणभात किंवा खिमटी नीट खाऊ लागलं की सुरुवात करता येते.
- साखर, मीठ आणि मध नसलेलं पीनट बटर घ्या. घरी भाजून, सोलून, अगदी बारीक वाटलेले दाणेही चालतात. खवट किंवा बुरशी लागलेले दाणे वापरू नका.
- दोन छोटे चमचे पेस्ट कोमट पाण्यात पातळ करा. आधी चमच्याच्या टोकावर येईल एवढंच द्या, 10 मिनिटं थांबा. त्रास नसेल तर बाकीचं हळूहळू द्या आणि दोन तास लक्ष ठेवा.
- सकाळी, बाळ बरं असताना आणि जवळचा दवाखाना उघडा असेल अशा दिवशी सुरू करा.
- मानवल्यास आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा.

अख्खे दाणे आणि घट्ट पेस्टचा गोळा देऊ नका. ते घशात अडकू शकतात. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे टाळा.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावं?
बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर घरी प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांना भेटा.

‘पित्त उठलं’ म्हणून सोडू नका
मराठीत आम्लपित्तालाही पित्त म्हणतात आणि अंगावर उठणाऱ्या गांधींनाही. म्हणून दाणे खाल्ल्यावर गांधी उठल्या, तर अनेक घरांत आमसुलाचं पाणी लावून विषय संपतो. पण खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत उठलेल्या गांधी ही ॲलर्जीची खूण असू शकते. मग शेंगदाणा लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ओठ-जीभ सुजणं, श्वासाची घरघर, वारंवार उलट्या, बाळ मलूल पडणं ही तीव्र ॲलर्जीची लक्षणं आहेत. त्यावर पहिलं औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. 108 वर फोन करा. यवतमाळला जाण्यात वेळ न घालवता आधी सर्वात जवळचं रुग्णालय गाठा.