हिरे दोन्ही देशांत, समृद्धी एकातच : बोत्सवाना आणि सिएरा लिओन

काही देश श्रीमंत होतात आणि काही गरीबच राहतात, असे का, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. डॅरन ॲसेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयावरील संशोधनासाठी देण्यात आले. देशातील कायदे, मालमत्तेचे हक्क आणि सत्तेवरील अंकुश यांवर समृद्धी मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आफ्रिकेतील बोत्सवाना आणि सिएरा लिओन या दोन देशांचा इतिहास या दृष्टीने बोलका ठरतो. दोन्ही देश पूर्वी ब्रिटिश अमलाखाली होते आणि दोन्हींच्या भूमीत हिरे सापडले.

सिएरा लिओन १९६१ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याची स्थिती आश्वासक होती. फ्रीटाउनचे बंदर होते, रेल्वे होती, शिवाय १८२७ मध्ये स्थापन झालेले फोरा बे महाविद्यालयही होते. याउलट ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झालेल्या बोत्सवानाला समुद्रकिनारा नाही आणि त्याचा बराचसा भाग कालाहारी वाळवंटाने व्यापलेला आहे. त्या वेळी तेथे अवघे १२ किलोमीटर पक्के रस्ते आणि २२ पदवीधर होते, असे सांगितले जाते. १९६५ पर्यंत तर या प्रदेशाचा कारभार दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग येथून चालत असे.

स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, १९६७ मध्ये, ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा आढळला. हा प्रदेश बामांग्वाटो जमातीचा होता आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच जमातीच्या राजघराण्यातील होते. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने भूगर्भातील खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आले. पुढे १९७५ मध्ये डी बिअर्स कंपनीबरोबरच्या खाणउद्योगातील सरकारचा वाटा १५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यात आला. मिळालेला पैसा रस्ते, शाळा आणि आरोग्यसेवेकडे वळविण्यात आला. १९९४ मध्ये भावी पिढ्यांसाठी पुला निधी उभारण्यात आला. तेथील सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. देशाच्या चलनाचे नावही तेच आहे.

ही शिस्त एकाएकी आली नव्हती. त्स्वाना समाजात 'क्गोत्ला' ही जाहीर सभेची परंपरा होती आणि तेथे सामान्य माणूसही प्रमुखाला जाब विचारू शकत असे. १८९५ मध्ये तीन त्स्वाना प्रमुखांनी थेट लंडन गाठून आपला प्रदेश सेसिल ऱ्होड्स यांच्या कंपनीच्या ताब्यात देण्यास विरोध केला. त्यामुळे वसाहतवादी राजवटीचा हस्तक्षेप तुलनेने मर्यादित राहिला आणि जुन्या संस्था टिकून राहिल्या.

सिएरा लिओनमध्ये हिरे १९३० मध्येच सापडले होते. १९३५ मध्ये एका खाणकंपनीला त्यांचा ९९ वर्षांचा मक्ता देण्यात आला. १९६८ ते १९८५ या काळात सत्तेवर असलेल्या सियाका स्टीव्हन्स यांनी हा उद्योग सरकारच्या हाती घेतला खरा, परंतु लाभ त्यांच्या मर्जीतील वर्तुळालाच झाला. विरोधकांचा प्रभाव असलेल्या दक्षिण भागाकडे जाणारी रेल्वे बंद करण्यात आली, तर १९७८ मध्ये देशात एकपक्षीय राजवट आली. १९७० च्या सुमारास २० लाख कॅरेटच्या घरात असलेली अधिकृत निर्यात १९८८ मध्ये ५० हजार कॅरेटच्याही खाली घसरली. उरलेले हिरे तस्करीच्या वाटेने बाहेर जात होते. १९९१ ते २००२ च्या यादवी युद्धात बंडखोरांची शस्त्रखरेदी याच हिऱ्यांवर चालली.

अर्थात, सारे श्रेय किंवा दोष राज्यकर्त्यांनाच देणे योग्य ठरणार नाही. सिएरा लिओनचे हिरे नद्यांच्या गाळात विखुरलेले आहेत. फावडे आणि चाळणी असली की कोणीही ते काढू शकतो. बोत्सवानाचे हिरे खोल खडकात आहेत. त्यासाठी मोठे भांडवल लागते, आणि अशा मोजक्या खाणींवर पहारा ठेवणेही सोपे जाते.

बोत्सवानाच्या यशालाही मर्यादा आहेत. तेथील उत्पन्नाची विषमता जगातील सर्वाधिक विषमतेपैकी आहे. एचआयव्हीच्या साथीने देश पोखरला गेला आणि २००२ पासून सरकारला मोफत औषधोपचार सुरू करावे लागले. अर्थव्यवस्थेचा हिऱ्यांवरील भार मात्र कमी झालाच नाही. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या स्वस्त हिऱ्यांमुळे अलीकडे खाणीतील हिऱ्यांची मागणी घटली आहे. सुरतच्या कारखान्यांपासून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारापर्यंत त्याची झळ पोहोचली. २०२४ मध्ये बोत्सवानाची अर्थव्यवस्था आक्रसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष प्रथमच पराभूत झाला. राष्ट्राध्यक्ष मोकग्वेत्सी मासिसी यांनी निकाल तत्काळ मान्य केला आणि १ नोव्हेंबर रोजी डुमा बोको यांनी सूत्रे स्वीकारली.