वैद्यकीय प्रवेशपात्रता : हिंगोली जिल्हा

एमबीबीएस आणि तत्सम वैद्यकीय अभ्यासक्रमांना प्रवेश घेण्यासाठी विद्यार्थ्याने पूर्ण करावयाच्या अटी. या अटींचे दोन भाग पडतात. ‘नीट’ परीक्षेला बसण्याची पात्रता हा पहिला आणि महाराष्ट्राच्या कोट्यातील जागेवर हक्क सांगण्याची पात्रता हा दुसरा. पहिली सोपी आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांतील मुलांची खरी कसोटी लागते ती दुसऱ्या भागात.

महाराष्ट्रात एमबीबीएसचे प्रवेश पूर्वी राज्याच्या सीईटीवरून होत. ‘नीट’ 2013 मध्ये प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि 2016 मध्ये ती पुन्हा लागू झाली. त्या वर्षी राज्यांना शासकीय जागांसाठी सवलत मिळाली होती; 2017 पासून मात्र ‘नीट’ला पर्याय उरला नाही. 2019 पासून ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. प्रश्नपत्रिका 720 गुणांची असते आणि ती मराठीतूनही मिळते. आयुर्वेद व होमिओपॅथीचे प्रवेशही याच गुणांवर होतात. परदेशात एमबीबीएस करू इच्छिणाऱ्यांनाही 2018 पासून ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

परीक्षेला बसण्यासाठी प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. वयाची कमाल मर्यादा 2022 मध्ये काढून टाकण्यात आली. कितीही वेळा परीक्षा देता येते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत. बारावीचा निकाल लागायचा असला तरी अर्ज भरता येतो. बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांना ते नंतर अतिरिक्त विषय म्हणून पूर्ण करण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिली. पात्र ठरण्यासाठी खुल्या प्रवर्गाला 50, तर राखीव प्रवर्गांना 40 पर्सेंटाइल लागतात. ही केवळ उंबरठ्याची रेघ आहे. शासकीय जागेचा कट-ऑफ तिच्या कितीतरी वर असतो.

शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या 85 टक्के जागांचे प्रवेश राज्याचा सीईटी कक्ष करतो. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, तर लागतेच. शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. केंद्र शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्यांची मुले, कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थी अशा मोजक्यांना यात सूट आहे. लातूर किंवा नांदेडला शिकायला जाणाऱ्या हिंगोलीच्या मुलांना ही अट आड येत नाही. हैदराबाद किंवा कोटा येथे बारावीच तिकडच्या महाविद्यालयातून देणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे गुण कितीही असोत, तो राज्याच्या कोट्यातून बाहेर पडतो. शिकवणी वर्ग निवडताना ही बाब पालकांना कोणीतरी आधी सांगायला हवी. पुष्कळदा ती प्रवेशाच्या वेळीच कळते.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरेसा नाही. 2000 च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेत ‘व्हॅलिडिटी’, आवश्यक असते. इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागते. त्याची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये आहे. पडताळणीत जुने पुरावे मागितले जातात : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचे. हिंगोलीचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथले जुने महसुली दप्तर बरेचसे उर्दूत आणि काही मोडीत आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा खासरा पत्रक शोधायचे, वाचणारा गाठायचा, भाषांतर करून घ्यायचे, यात महिने जातात. ज्या घरात आजवर कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्या घराला तर शाळेचा उतारा मिळणेच शक्य नसते. आंध आदिवासींच्या वाड्यावस्त्यांवर आणि बंजारा तांड्यांवर ही अडचण सर्वांत जास्त जाचते. आंधांची पडताळणी तर आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समितीकडे असते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यावर कायद्याने टाकलेले हे ओझे अन्यायाचे आहे. समित्यांनी रक्तनात्यातील वैधता आणि गृहचौकशी यांना अधिक वजन दिले, तर ते बरेच हलके होईल.

अपंगत्वाबाबत दिलासा मिळाला आहे. केवळ 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, विद्यार्थ्याची अभ्यासक्रम पूर्ण करण्याची क्षमता तपासावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात ठरवले.

हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024-25 पासून 100 जागांनिशी सुरू झाले. त्याचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. गावात महाविद्यालय आले म्हणजे गावच्या मुलांना प्राधान्य मिळेल, अशी समजूत मात्र चुकीची आहे. पूर्वी विभागवार 70:30 सूत्र होते : 70 टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि 30 टक्के राज्यभरासाठी. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी असल्याने या सूत्रात इथल्या मुलांचे नुकसान होत असे. सप्टेंबर 2020 मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी ते रद्द केल्याची घोषणा केली. त्यामुळे आता हिंगोलीच्या जागेवर राज्यातील कोणीही दावा करू शकतो आणि हिंगोलीची मुलगी मुंबईच्या जागेवर.

अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज करता येतो. निकालानंतर मिळणाऱ्या मुदतवाढीवर विसंबू नये. पालकांनी अकरावीच्या प्रवेशाबरोबरच हा अर्ज दाखल करावा.