पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातील पूर्वानुमानदर्शक प्रथिने

पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर त्याची पुढील वाटचाल ज्या प्रथिनांवरून अजमावतात, त्यांना पूर्वानुमानदर्शक प्रथिने म्हणतात. हा कर्करोग अनेक रुग्णांत वर्षानुवर्षे संथ राहतो, तर काहींत हाडांपर्यंत पसरतो. त्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी आणि आवश्यक उपचार वेळेवर करण्यासाठी असा अंदाज महत्त्वाचा ठरतो.

आम्ल फॉस्फटेज हे यांतील जुने दर्शक होय. प्रगत रोगात वृषणे काढल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण घटते, असे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले. पुढे त्याची जागा प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजनाने (पीएसए) घेतली.

निदानाच्या वेळी पीएसए प्रति मिलिलिटर १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी, १० ते २० किंवा २० पेक्षा अधिक आहे, हे पाहून ग्लीसन गुणांक व अर्बुदाची अवस्था यांच्या जोडीने रुग्णाचा जोखीमगट ठरवतात. संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर पीएसए जवळजवळ शून्यावर येणे अपेक्षित असते. त्यानंतर ते दोन तपासण्यांत ०.२ नॅनोग्रॅम वा अधिक आढळल्यास रोग उलटल्याची खूण मानतात.

मात्र कर्करोग नसतानाही, ग्रंथीची साधी वाढ किंवा दाह यांमुळे पीएसए वाढू शकते. उलट काही आक्रमक अर्बुदे ते अत्यल्प स्रवतात. म्हणून ऊतीतील प्रथिनेही तपासली जातात. केआय-६७ चे अधिक प्रमाण पेशींचे जलद विभाजन दर्शवते, तर पीटेन या प्रथिनाचा अभाव प्रतिकूल वाटचालीशी निगडित आहे. केवळ एका दर्शकावरून उपचार ठरवत नाहीत.