माल कुणाचा, भाडे कुणाचे?

आमच्या मनोरीच्या खाडीत सकाळची बोट मार्व्याकडे भरून जाते, परतताना बरीचशी रिकामी असते. संध्याकाळी उलट. दिवसाचा हिशेब जुळतो. पण माल रोज एकाच बाजूने येत राहिला, तर खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा की मागवणाऱ्याने? इंटरनेटच्या जाळ्यांमधले हे जुने भांडण आहे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. १९९८ पासून खासगी कंपन्या आल्या. पण त्यांची जाळी आपसांत क्वचितच जोडलेली होती. बोरिवलीहून अंधेरीला धाडलेला मजकूर, कंपन्या वेगळ्या असल्या, तर अनेकदा अमेरिकेला वळसा घालून येई. त्या समुद्री तारांचे भाडे मोठे. म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' ही ना-नफा संस्था निघाली. तिच्या मुंबईसारख्या केंद्रांत कंपन्यांनी देशातली वाहतूक परस्पर बदलून घ्यायची.

हिशेब मात्र उरलाच. पाश्चात्त्य देशांत बड्या कंपन्या एकमेकींची वाहतूक सहसा फुकट नेत. देवघेव साधारण सारखी असावी, एवढीच अट. ती बिघडल्याचे सांगत ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या 'लेव्हल थ्री'ने 'कोजेंट'शी जोडणी तोडली. काही दिवस दोन्हीकडच्या अनेक ग्राहकांची एकमेकांशी गाठच पडेना.

निक्सीने पैसे मागवणाऱ्याकडून घ्यायचे ठरवले. आत आलेल्या मालातून बाहेर गेलेला वजा करायचा आणि उरलेल्यावर दर लावायचा. मागणीशिवाय माल निघत नाही, हे खरेच. पण घरोघरी जोडणी देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचे ग्राहक पाहतात फार, पाठवतात थोडे. तो कायमचा देणेकरी ठरला. ज्याच्याकडे सर्व्हर, तो घेणेकरी.

पुढे वारे फिरले. चित्रपट-व्हिडिओ पुरवणाऱ्यांनीच जाळ्याचा खर्च उचलावा, अशी मागणी २०२३ मध्ये आपल्याकडच्या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने लावून धरली. त्याच वर्षी दक्षिण कोरियात 'नेटफ्लिक्स' आणि 'एसके ब्रॉडबँड' यांनी याच वादावरचे खटले तडजोडीने मिटवले.

मला वाटते, या भांडणात तिसरा पक्षकार विसरला जातो. घरातली जोडणी आणि चित्रपटाची वर्गणी, दोन्हींचे पैसे ग्राहकच भरतो. व्हिडिओवाल्यावर बसवलेला बोजाही उद्या वर्गणीतूनच वसूल होऊ शकतो. तेव्हा कोणी कोणाला किती द्यायचे, ते बंद दाराआड ठरू नये. निक्सीचा नियम छोट्यांना जड गेला असेल, पण तो सर्वांना ठाऊक तरी होता.