तिकिटाचे पैसे भरतो कोण?

ब्रिटिश विमान कंपन्या म्हटल्या की बहुतेकांना कॉन्कॉर्डचे टोकदार नाक आठवते. ते आठवावेच. पण या कंपन्यांचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर विमानापेक्षा हिशेबाची वही उघडलेली बरी. उडण्याचा खर्च कोणी सोसायचा, या एका प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

२५ ऑगस्ट १९१९ रोजी 'एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल' या खासगी कंपनीने लंडन-पॅरिस अशी रोजची सेवा सुरू केली. युद्धातले बॉम्बफेके विमान जरा बदलून घेतलेले, आत प्रवासी एकच. सोबत वर्तमानपत्रे, चामडे, साय आणि शिकारीचे पक्षी! फ्रेंच सरकार आपल्या कंपन्यांना सढळ हाताने पैसे देत होते, ब्रिटिश सरकार देत नव्हते. परिणाम व्हायचा तोच झाला. फेब्रुवारी १९२१ च्या अखेरीस ब्रिटिश कंपन्यांची सगळी उड्डाणे थांबली. मग सरकारला जाग आली. १९२४ मध्ये चार कंपन्या एकत्र करून 'इम्पीरियल एअरवेज' उभी राहिली आणि दहा वर्षांत दहा लाख पौंड द्यायचे ठरले.

नावच इम्पीरियल! तिला साम्राज्याची टपाल पोचवायची होती, प्रवासी त्यानंतर. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू झाली. भाडे १३० पौंड, वेळ सात दिवस. इटलीशी हवाई वाटेचा तंटा, म्हणून बाझेल ते जिनोव्हा हा टप्पा चक्क आगगाडीने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून छोटे विमान घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते हीच इम्पीरियलची टपाल घेऊन. आपल्या नागरी विमानसेवेचा उगम असा टपालाच्या थैलीत आहे.

पुढे सरकारने दानही सोडले आणि थेट मालकीच घेतली. १९४० पासून बीओएसी, १९४६ पासून युरोपसाठी वेगळी बीईए. २ मे १९५२ रोजी बीओएसीच्या कॉमेटने लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर जगातली पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याजवळ एक कॉमेट वादळात कोसळले. १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर आणखी दोन हवेतच फुटली. अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून तपास झाला, तेव्हा उलगडा झाला : केबिनमधला हवेचा दाब पुन्हा पुन्हा वाढून-उतरून धातू थकत होता. हा धडा साऱ्या जगाच्या विमानांना उपयोगी पडला. कॉमेट सुधारून १९५८ मध्ये परत आले, पण बाजार बोइंगने नेला. खुद्द बीओएसीनेही बोइंगच घेतली.

या सगळ्यात सामान्य माणूस कुठे होता? त्याला जागा करून दिली फ्रेडी लेकर यांनी. आगाऊ आरक्षण नाही, रांगेत उभे राहा, तिकीट घ्या, बसा, अशी त्यांची 'स्कायट्रेन'. परवानगीसाठी सहा वर्षे झगडा, त्यात सरकारशी कोर्टकज्जाही. अखेर २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला ती निघाली, भाडे ५९ पौंड! मोठ्या कंपन्यांनीही मग भाडी उतरवली. इकडे तेल महागले आणि डॉलरमधली कर्जे अंगावर आली. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी लेकर यांची कंपनी बुडाली.

माणूस हरला, कल्पना जिंकली. १९८४ मध्ये व्हर्जिन अटलांटिक आली, १९९५ मध्ये ईझीजेट. बीओएसी आणि बीईए मिळून १९७४ मध्ये झालेली ब्रिटिश एअरवेज १९८७ मध्ये सरकारने विकून टाकली. आता सगळे बाजारावर, असे वाटले.

पण २०१७ मध्ये मोनार्क आणि २०१९ मध्ये थॉमस कुक बंद पडली, तेव्हा परदेशी अडकलेल्या लाखावर प्रवाशांना दोन्ही वेळा घरी आणावे लागले, तेही सरकारलाच. १९२१ साली सरकारच्या दारात गेलेली ती वही शंभर वर्षांनीही तिथून फारशी हललेली नाही. स्वस्त तिकिटाचा आनंद आपण जरूर घ्यावा. फक्त उरलेली रक्कम कुणाच्या नावावर लिहिली जाते, तेवढे विचारत राहावे.