साष्टी (पोर्तुगीज काळ)

आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या बेटावर वसली, ते साष्टी. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ मध्ये ते वसईसह पोर्तुगिजांना दिले. कोळ्यांची मासेमारी, आगऱ्यांची मिठागरे, भंडाऱ्यांची ताडी आणि कुणब्यांची भातशेती यांवर बेट जगे; जमिनींचा फायदा मात्र पोर्तुगीज जमीनदारांना आणि ख्रिस्ती धर्मसंघांना मिळे. अनेक रहिवासी ख्रिस्ती झाले, तरी घरातली बोली मराठीच राहिली, ही मोलाची गोष्ट. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात शैव शिल्पाच्या जागी कोरलेला क्रूस आजही दिसतो. १६६५ मध्ये शेजारची मुंबई इंग्रजांकडे गेली. खिळखिळ्या झालेल्या पोर्तुगीज सत्तेकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी जिंकली.